विहीणबाईंची पाणीशाळा

मला मिळाली तशी विहीण उभ्या महाराष्ट्रात कुणाला मिळाली नसेल, आणि त्या राहतात त्या कर्नाटकातही दुसरी नसावी, हे मी छातीठोकपणे सांगते. मुलीची आई म्हणून मी पूर्ण तयारीत होते. विहीण हे काय प्रकरण असतं ते मी लहानपणापासून पाहत आलेले. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तिच्या सासूबाई केळीच्या पानाचं टोक कुठल्या बाजूला आहे यावरून भर पंगतीतून उठल्या होत्या, आणि माझ्या स्वतःच्या सासूबाई तर आहेरातल्या साडीचा काठ अरुंद निघाला हा विषय पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक सणाला न चुकता काढत. त्यामुळे मुक्ताच्या लग्नाची बैठक पुण्यात आमच्या घरी बसली तेव्हा माझ्या दिरांनी मानपानाच्या घासाघिशीसाठी आवाज खास राखून ठेवला होता. बंगळूरची मंडळी, तीन-चारशे वर्षांपूर्वी तिकडे जाऊन तिकडचीच झालेली, आता काय मागतात कोण जाणे! विहीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आम्हाला देणं-घेणं काही नको. एकच मागणं आहे. ज्या कार्यालयात लग्न करणार म्हणून सांगितलंत, तिथली पाण्याची टाकी मला स्वल्प बघायची आहे."

दिरांचा राखून ठेवलेला आवाज वाया गेला. हा अपमान समजावा की विनोद, हे कुणालाच कळेना. व्याही खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना सवय असावी. दुसऱ्या दिवशी आम्ही वरात काढून कार्यालयात गेलो. मॅनेजरने शिडी धरली, आणि म्हैसूर सिल्कचा पदर कमरेला खोचून विहीणबाई गच्चीवरच्या टाकीवर चढल्या. झाकण अर्धं तुटलेलं होतं आणि आत कबुतरांनी आपला संसार मांडलेला होता. त्या खाली आल्या, हात धुतले आणि शांतपणे म्हणाल्या, "अक्का, लग्न इथंच करूया. पाणी मात्र इथलं नको." मी त्यांच्याहून वयाने लहान, तरी त्या मला अक्का म्हणतात; त्या सगळ्यांनाच अक्का म्हणतात, तसंच ‘जरा’ला ‘स्वल्प’, ‘बरं’ला ‘सरी’ आणि ‘हो ना?’ला ‘अल्वा?’. शेवटी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बाहेरून आलं, आणि लग्नानंतर कुणाचंही पोट न बिघडल्याची आमच्या घराण्यातली ती पहिली वेळ. तरीही मी मनात म्हटलंच, तोऱ्याचा प्रकार नवा आहे, पण तोरा तो तोराच.

पुढे कळलं की हा तोरा नव्हता, ही जखम होती. बंगळुरातच, बनशंकरी भागातल्या एका शाळेत त्या गणित शिकवायच्या, आणि निवृत्त झाल्या त्याच उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीतली बोअरवेल आटली. कुठून कुठून टँकर यायला लागले आणि व्याह्यांना जबरदस्त कावीळ झाली. डॉक्टरांनी विचारलं, घरात पाणी कुठलं पिता? विहीणबाई म्हणाल्या, टँकरचं. टँकर कुठून पाणी आणतो? माहीत नाही. टाकी कधी तपासली? माहीत नाही. "अक्का, जन्मभर मी पोरांच्या डोक्यावर उभी राहिले, उत्तर कसं काढलं ते दाखवा म्हणून," त्या मला एकदा म्हणाल्या. "आणि माझा नवरा पिवळा पडून पडलाय, आणि मला एकाही प्रश्नाचं उत्तर नाही." व्याही बरे झाले. विहीणबाई काही बऱ्या झाल्या नाहीत. त्यांनी लेकाचा जुना लॅपटॉप मागून घेतला आणि पाण्याची गुणवत्ता कशी राखावी हे शिकवणारे जगभरचे जेवढे म्हणून खुले, फुकट, ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, ते एकापाठोपाठ एक करायला घेतले.

त्यांचं हे शिकणं पाहण्यासारखं असे. घरबसल्या शिकायची सोय निघाली ती माणसाने पायजम्यात लोळत शिकावं म्हणून, असा माझा समज होता. विहीणबाई व्याख्यान लावण्याआधी अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, केसांत मोगरा माळून ताठ बसत. लॅपटॉप पाटावर. त्याच्याकडे पाय करून बसलेलं त्यांना चालत नसे; मी एकदा बसले तर त्यांनी न बोलता माझ्या पायांवर चादर टाकली. कुकरची शिट्टी झाली तर व्याख्यान थांबवल्याशिवाय त्या उठत नसत, कारण सर बोलत असताना वर्गातून उठून जाणं बरं दिसत नाही. जावयाने एकदा सुचवलं की हेच व्याख्यान दीडपट वेगाने ऐकता येतं, वेळ वाचतो. त्या हादरल्याच. "गुरूला घाई करायची म्हणून तुला कुणी शिकवलं रे?" हे गुरू कुठल्याशा थंड देशातले, सोनेरी दाढीचे आणि आमच्या जावयापेक्षाही लहान दिसणारे. चौथ्या धड्यात त्यांना खोकला झालेला होता. ते चित्रीकरण कधीचं कोण जाणे, पण विहीणबाईंनी त्या दिवशी सुंठ-मिऱ्याचा कषाय उकळला, सरांची आठवण काढून व्याह्यांना पाजला, आणि पाचव्या धड्यात सर खणखणीत बोलायला लागल्यावर हुश्श केलं.

या अभ्यासक्रमांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे साहित्य घ्या, वापरा, भाषांतर करा, बदला, पुढे वाटा. फक्त मूळ कुणाचं ते सांगा आणि बदल केलेत तेही सांगा. जगात ही ओळ वाचणारी माणसं थोडी, आणि ती मनावर घेणारी एकच. विहीणबाईंच्या घरी जेवायला बसलं की वाढताना ऐकू येई, "हा बिसीबेळेभात मूळ माझ्या जाऊबाईंचा. वाटाणे हा माझा बदल. तुम्ही बदल करून पुढे वाटू शकता." चटणी, लोणचं, रांगोळी, फार काय तर पुढे नात झाल्यावर तिला म्हणायची अंगाई, सगळ्याचा उगम त्या जाहीर करत. एकदा मी त्यांच्या देखत शेजारणीला डोकेदुखीवर सुंठीचा लेप सांगितला, तर मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "कुणाचा ते सांगा की!" मी पुण्यात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलेली बाई. दुसऱ्याच्या चुका काढणं हाच माझा धंदा. पण या बाई माझ्याच चुका काढायच्या.

म्हणींशी तर त्यांचं उभं वैर होतं. वाहतं पाणी निर्मळ असतं, असं कुणी म्हणालं की त्या विचारत, वर कोण काय सोडतंय ते बघून आलात का? थेंबे थेंबे तळे साचे म्हटलं की, "आणि त्या तळ्यात काय काय साचतं ते?" शितावरून भाताची परीक्षा ही तर त्यांच्या मते पाण्याच्या शास्त्राची वैरीण नंबर एक. एका नळाचं पाणी चांगलं निघालं म्हणून अख्ख्या इमारतीचं चांगलं, हेच तर लोकांचं चुकतं, म्हणायच्या. "शीत भातापुरतं ठीक आहे, अक्का. भात एका पातेल्यात शिजतो. पाणी किती पाइपांतून येतं!" सगळ्या म्हणींत त्यांना मान्य होती ती एकच, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. ती त्यांना जवळजवळ अभ्यासक्रमातलीच वाटे.

नात झाली तेव्हा मी बंगळूरला, एचएसआर लेआउटला मुक्ताकडे मोठ्या मुक्कामाला गेले. तिथे विहीणबाईंनी बाळाच्या आधी पाणी पाहिलं, हे सांगायला नकोच. त्यांच्या पर्समध्ये कायम एक छोटी बाटली असे, तळाशी औषध लावलेली कागदाची पट्टी. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि दिवसभर उबेला ठेवायची. पाण्यात सांडपाण्याचे जंतू असले तर पाणी काळं पडतं. बंगळूरच्या थंड हवेत ऊब कुठून आणायची? तर इडलीचं पीठ जिथे फुगायला ठेवतात तिथे, त्याच कांबळ्यात, पातेल्याला टेकून. मुक्ताच्या मैत्रिणी हातात पेनाएवढं यंत्र घेऊन त्यावरचा आकडा दाखवत आणि म्हणत, आंटी, आमचं पाणी एकदम प्युअर आहे. विहीणबाई प्रेमाने विचारत, "तुमच्या त्या पेनाला क्षार दिसतात. जंतू दिसतात का?" पेनं पर्समध्ये जात. मी हसायचे, आणि विहीणबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "अक्का, हसायला येतं म्हणजे समजायला लागलंय. बुधवारी वर्गाला या."

हा वर्ग म्हणजे त्यांच्या बनशंकरीच्या घराच्या हॉलमध्ये भरणारी शाळा. सरांचा अभ्यासक्रम इंग्रजीत, गल्लीतल्या बायका कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या. विहीणबाई एकेक वाक्य ऐकवत, थांबवत, आणि आपल्या जुन्या बंगळुरी मराठीत सांगत, मग कन्नडमध्ये, मग हातवाऱ्यांनी. सुरुवातीला सगळ्यांनी हात जोडून सरांचं, त्यांच्या विद्यापीठाचं आणि भाषांतरकर्तीचं नाव घ्यायचं, पूजेच्या आधी संकल्प सोडावा तसं. वर्गात मी होते, शिवणकाम करणाऱ्या दोघी होत्या, एक बेकरीवालीण होती, आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी सुमित्रा होती. ही निपाणीकडची. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळच्या एका कंपनीत, हिचा दिवस घरात. बाई हुशार, पण तोंड उघडायला तयार नाही. विहीणबाईंनी काही विचारलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणायची, "मला बोलायला येत न्हाई बघा, मॅडम. भ्या वाटतंय." विहीणबाई म्हणायच्या, "सरी, भीती वाटू दे. उत्तर दे, आणि मग परत भी."

प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न असत आणि चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या असत. आता आपल्याकडे शाळेत काय चालतं? बाई फळ्यावर गणित सोडवतात, वर्ग वहीत उतरवून घेतो. त्याला कुणी कॉपी म्हणत नाही. त्याला अभ्यास म्हणतात. विहीणबाईंनी तसंच केलं. नळाचा नमुना घ्यायच्या आधी पाणी किती वेळ वाहू द्यावं, यावर अर्धा तास भांडण चाले. बेकरीवालीण म्हणे, वाहू द्यायचंच कशाला, वाया जातं. दुसरी म्हणे, मग बादली लावा की. मग हात वर करून मतदान होई, आणि विहीणबाईंनी ‘हं!’ म्हटलं की साऱ्या जणी आपापल्या मोबाइलवर एकाच क्षणी एकच उत्तर दाबत. स्वतःच्या शब्दांत लिहायच्या ओळींचं म्हणाल, तर वर्गाने त्याचा अर्थ वर्गाचे स्वतःचे शब्द असा लावला. विहीणबाई सगळ्यांच्या मतांतून सुंदर चार ओळी बांधत आणि इंग्रजीत सांगत. सगळ्या त्याच उतरवत. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट एवढा एकोपा पाहून भरून येई.

मग एका बुधवारी कुणाचाच धडा उघडेना. प्रत्येकीच्या मोबाइलवर तोच निरोप आला. एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, शब्दशः सारखी उत्तरं आली आहेत. हा नकलेचा प्रकार दिसतो. सबब सर्वांचा अभ्यासक्रम थांबवण्यात येत आहे. मी तो मोठ्याने वाचला, आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मी हे कुणासमोर वाचते आहे. या बाईंनी एकेकाळी परीक्षेत चिठ्ठी सापडली म्हणून संस्थेच्या चिटणिसांच्या मुलाला उठवून बाहेर काढलं होतं, आणि चिटणीस घरी आले तर त्यांनाही दारातूनच परत पाठवलं होतं. विहीणबाईंनी मोबाइल हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग लॅपटॉपवर इस्त्रीचा रुमाल घातला आणि म्हणाल्या, "आज वर्ग नाही."

पुढचे दिवस वाईट गेले. बायकांनी परोपरीने समजावलं. जाऊ दे हो मॅडम, प्रमाणपत्र घेऊन आम्हाला काय नोकरी करायची आहे? शिकलो ते शिकलो. शिवाय फुकटचंच तर होतं. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "फुकट दिलं म्हणून चोरलं तर चालतं काय?" मोगरा बंद झाला. साडी कुठलीही. टाक्या पाहणं बंद, बाटल्या भरणं बंद. एका संध्याकाळी व्याह्यांचा मला फोन आला. हा माणूस स्वतःहून फोन करणाऱ्यातला नव्हे. दबक्या आवाजात म्हणाले, "विहीणबाई, आम्ही आज एका नातेवाइकांकडे गेलो होतो. हिनं पाणी कुठलं म्हणून न विचारता सरबत घेतलं. मला काळजी वाटते."

मी तडक बनशंकरीला गेले. त्या अंधारून आलेल्या हॉलमध्ये दिवा न लावता बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "अक्का, मला शिक्षा झाली तर चालेल. मला खुपतं ते वेगळंच. त्या खरंच शिकल्या, की मी सांगितलं ते नुसतं म्हणत होत्या? मीच त्यांना तोंड उघडू दिलं नाही काय?" मला खोटा धीर देता आला असता. पण मला तरी कुठे माहीत होतं? मी म्हटलं, "मग विचारा ना. लिहा तुमच्या सरांना. जे झालं ते तसंच्या तसं लिहा." त्यांनी दिवा लावला आणि लिहिलं. चूक माझी आहे, वर्गाची नाही. आमच्याकडे असंच शिकवतात. हवं तर माझं नाव काढा, पण यांची परीक्षा घ्या.

एका गल्लीतून एवढ्या बायका पाणी शिकत आहेत याचं त्या थंड देशात कुतूहल वाटलं असावं. सरांचंच उत्तर आलं. प्रत्येकीने आपापल्या घरचं पाणी स्वतः तपासून अहवाल पाठवायचा, आणि मग व्हिडिओवर एकेकीची तोंडी परीक्षा. भाषा कुठलीही चालेल. त्यांच्याकडे कन्नड आणि मराठी जाणणाऱ्या एक बाई आहेत, त्या सांगतील. अट एकच. शिकवणाऱ्या बाईंनी खोलीत थांबायचं नाही आणि अहवालाला हात लावायचा नाही. विहीणबाई हे वाचून पांढऱ्या पडल्या. शिकवलेल्या मुलांना परीक्षेला सोडून दाराबाहेर उभं राहणं हे त्यांनी जन्मभर केलेलं, पण त्या परीक्षेत त्या स्वतःच बसल्या आहेत, असं कधी झालेलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली, सगळ्यांना दहीसाखर दिली, आणि व्याह्यांना घेऊन गच्चीत जाऊन बसल्या. माझा नंबर लवकर लागला. मला क्लोरीनचं विचारलं, मी बरं सांगितलं. पाण्याच्या कडकपणाचं विचारलं, तिथे मी अडखळले, पण साबणाला फेस येत नाही ते सांगून वेळ मारून नेली. इतरांचंही होत गेलं. बेकरीवालीण तर परीक्षकांनाच प्रश्न विचारून आली. शेवटी सुमित्रा. तिला धीर म्हणून मला दाराशी बसायची परवानगी होती. ती पडद्यासमोर बसली आणि तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सरांनी तिचा अहवाल उघडला आणि दुभाषी बाईंनी विचारलं, "तुमच्या घरच्या पाण्याची बाटली काळी पडली, असं तुम्ही लिहिलंय. बरोबर?"

सुमित्रा वरच्या मजल्यावर राहते. तिच्या घरचं पाणी म्हणजे विहीणबाईंच्या घरच्या टाकीचं पाणी.

सुमित्रा म्हणाली, "व्हय." मग खाकरून म्हणाली, "पयल्यांदा वाटलं, बाटलीच खराब असंल. म्हणून परत भरली. ती बी काळी झाली. मग सरळ टाकीतनं भरली. ती बी काळी. मग जमिनीखालच्या टाकीतनं भरली, ती न्हाई झाली. म्हंजे खालचं पाणी चांगलं हाय, वरच्या टाकीत घाण पडत्या." तिकडून विचारलं, ही टाकी तुमच्या शिक्षिकेच्या घराची ना? त्यांना सांगितलंत का? "न्हाई अजून." का? सुमित्राने पदर सोडला. "त्यास्नी सांगितलं असतं तर त्यांनी आधी टाकी धुऊन काढली असती, आणि मला काय सापडलं ते कुणाला कळलंच नसतं. आता इथलं झालं की सांगतो. पर पाणी उकळून प्या म्हणून त्यांच्या मालकास्नी परवाच सांगून आलोय." एवढं सलग बोलताना तिला मी पहिल्यांदा ऐकलं. ती उठली ती थेट जिना चढून गच्चीत. मी मागोमाग.

गच्चीत विहीणबाई टाकीला पाठ टेकून उभ्या होत्या. सुमित्राने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. विहीणबाई वळल्या. टाकीचं झाकण एका कोपऱ्यात चिरलेलं होतं. केबल ओढायला आलेल्या माणसांचा पाय पडला असावा. आमच्या कार्यालयाच्या टाकीवर शिडी लावून चढलेली बाई, आणि तिच्याच डोक्यावर हे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नेमके ज्या दिवसांत त्या रुसून बसल्या होत्या, त्याच दिवसांतलं हे. व्याही घाबरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मीही. वाटलं, आता ही बाई कोसळणार.

विहीणबाईंनी त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग अशा काही हसल्या, की शेजारच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. "अय्यो, अक्का! बघितलंत काय? माझंच पाणी खराब म्हणून माझ्याच विद्यार्थिनीनं परीक्षेत सांगितलं! मला न विचारता! आता म्हणू दे कुणालाही कॉपी!" आणि त्यांनी त्या अबोल पोरीला असं काही कवटाळलं की तिचा श्वास कोंडला. व्याही हळूच मला म्हणाले, "मी उकळलेलंच पीत राहतो." त्या दुपारी झाकण बदललं, टाकी धुतली, पुन्हा बाटली भरली, आणि ती सुमित्रानेच इडलीच्या पिठाशेजारी नेऊन ठेवली.

सगळ्या पास झाल्या. विहीणबाईंचं नाव काढलं तर नाहीच. उलट त्यांचं मराठी आणि कन्नड भाषांतर सरांनी अभ्यासक्रमात घेतलं, नावासकट. माझ्या मुलीची सासू! मी पुण्याला फोन करकरून सांगितलं. माझ्या दिरांना तर दोनदा. ऊर भरून येणं म्हणजे काय ते मला माझ्या स्वतःच्या कुठल्या कामात कधी कळलं नव्हतं, ते या बाईंच्या कामात कळलं. हळूहळू एकेकीने आपापल्या ओळखीत वर्ग काढले. एकीने बेकरीच्या माळ्यावर, एकीने देवळाच्या आवारात. बनशंकरीच्या हॉलमधली गर्दी ओसरत गेली. विहीणबाई म्हणत, चांगलं झालं, मला आता नवा अभ्यासक्रम करायला सवड मिळते. पण बुधवारी मोगरा माळून त्या एकट्याच पाटासमोर बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

सुमित्राच्या नवऱ्याने ऑफिसजवळ घर घेतलं आणि ती हेब्बाळला गेली. तिथल्या सोसायटीच्या हॉलमध्ये तिने वर्ग सुरू केला आणि आम्हा दोघींना बोलावलं. मी पुण्याला परतायच्या आधीचाच आठवडा. आम्ही मुद्दाम मागच्या रांगेत बसलो. हॉल भरलेला. सुमित्रा उभी राहिली आणि बोलायला लागली, तिच्या मराठीत, धडाधड कन्नडमध्ये, पदर खांद्यावर नीट. भाताचा आणि शिताचा दाखला नाही, पूजेचा संकल्प नाही. तिने निपाणीच्या आपल्या घरच्या विहिरीची गोष्ट सांगितली, तंबाखूच्या वखारीमागचा ओढा सांगितला, सरांचं नाव घेतलं, विहीणबाईंचं घेतलं, आणि पुढे गेली. एका ठिकाणी तिची चूक झाली. नमुना किती वेळात तपासायचा ते भलतंच सांगितलं गेलं. माझ्या शेजारी विहीणबाईंची मूठ आवळली. जन्मभर चूक दिसली की तिथल्या तिथे खोडणारी बाई. त्यांनी मूठ सोडली, हात वर केला आणि सगळ्या वर्गात त्या म्हणाल्या, "मॅडम, एक शंका आहे." सुमित्रा थबकली, लाजली, आपलीच चूक तिला दिसली, तिने ती सुधारली आणि शिकवत राहिली.

परतताना आम्ही रिक्षा केली. हेब्बाळचं तळं मागे पडलं. मग विहीणबाई म्हणाल्या, "अक्का, लक्षात आलं काय? तिनं माझं एक वाक्यसुद्धा वापरलं नाही. एकसुद्धा नाही. सगळं तिचं तिचं." त्यांचा चेहरा उजळलेला होता. मी त्यांचा हात हातात घेतला. रिक्षा सिग्नलला थांबली. त्या बाहेर बघत होत्या, आणि बघता बघता हलक्या आवाजात म्हणाल्या, "एखादं वापरलं असतं तरी चाललं असतं, अल्वा?"